रॉजर साहेबाचा फुलस्टॉप

रॉजर साहेबाकडे सयपाकाचं काम आहे म्हणून शेंडे काकूनं सांगितलं तेव्हा मी पहिले नाहीच म्हटलं, कारण गोरा माणूस, म्हणजे आपल्यातला गोरा नाही, खराखुरा इंग्लंडचा, आन् मले इंग्रजीचं असं भेव की मोबाईलवर इंग्रजी बाई बोलाले लागली तरी मी फोन नवऱ्याच्या हातात देते, आठवीत शाळा सुटली माही, पारशिवनीकडच्या खेड्यातली मी, लग्न झालं, परी झाली, गजूले म्हणजे माह्या नवऱ्याले टेम्पो चालवाचं काम भेटलं म्हणून आमी नागपुरात आलो, बेसा भागात खोली घेतली, आन् गजू सकाळी काटोलच्या संत्रा मंडीत गेला की अंधार पडेपर्यंत मी आन् परी दोघीच, तर काम तर पायजेच होतं.

शेंडे काकू साहेबाच्याच बिल्डिंगीत पहिल्या माळ्यावर राहते. ती म्हणे, "अवं, जाऊन तर पाह्य. म्हातारा माणूस आहे, खाऊन नाही टाकत तुले."

गेली मंग. परीले कडेवर घेऊनच गेली, तिले ठेवणार कोणापाशी. बेल वाजवली, दरवाजा उघडला, तर हा उंच माणूस, तुराटीसारखा वाळलेला, भुवया पांढऱ्या, नाक लालबुंद, खाली ढगळी हाफपँट आन् गळ्यात दुर्बीण. जिन्यात मी 'गुड मॉर्निंग' घोकून आली होती, ते घशातच राहिलं. ते उलीसे वाकले आन् म्हणे,

"काहून वं, भेव वाटून राहिलं काय?"

बाप्पा! माह्या कडेवरून परी पडलीच असती.

मंग समजलं. साहेबाची बायको सुमन काकू, ते नागपूरचीच, तिकडे इंग्लंडात नर्स होती. क्रिकेट खेळताना साहेबाच्या नाकावर बॉल बसला आन् ज्या दवाखान्यात नेलं तिथे नाकाले पट्टी बांधाले सुमन काकू होती. साहेब म्हणत, "तिनं पट्टी बांधली ते मले काही दिसेचना. म्हणून लग्न झालं." नोकरी संपल्यावर काकूनं त्यायले नागपूरले आणलं, हा फ्लॅट घेतला, आन् चार उन्हाळे काढून ते देवाघरी गेली. एमा म्हणजे त्यायची पोरगी, तिकडेच राहते, ते फोनवर फोन करे, "पप्पा, परत या." साहेब म्हणत, "इथे अजून चाय संपली नाही माही."

त्यायचं सारं मराठी म्हणजे सुमन काकूचं मराठी. म्हणून ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकाईसारखं बोलत. टोंगळा म्हणजे गुडघा दुखला की "अगाई वं" म्हणत. टमाट्याले भेदरे म्हणत, कोथिंबिरीले सांबार, आन् भाजीवाल्याले गॅलरीतून आवाज देत, "भेदरे कसे दिले गा? सांबार फुकट देजो!" नवीन भाजीवाला असला की तो पहिले इकडे तिकडे पाहे, बोलली कोण बाई म्हणून, आन् वर गोरा दिसला की भाव करणं विसरून जाये.

तर्री पोहे खात, ते पण तिखटजाळ तर्री वरून अजून घालून. सावजीची भाजी खात आन् नाकातून पाणी काढत आन् म्हणत, "मस्त झाली, पण मी मरून राहिलो." दुपारी चार वाजता काहीही चालू असो, चायसाठी थांबे. क्रिकेटमध्ये चहाची सुट्टी असते म्हणे. एक डाव प्लंबर नळ खोलून बसला होता, पाणी उडून राहिलं होतं, तरी साहेबानं त्याले खुर्चीवर बसवून कप हातात दिला. प्लंबर म्हणे, "साहेब, पाणी!" साहेब म्हणे, "पाणी पळून कुठे जाते, तू चाय पी." मी पोछा मारून राहिली होती, मले पण बसवलं. पाणी पळून सोफ्याखाली गेलं होतं.

आता माह्या भेवाचं सांगते, कारण त्याच्याबिगर साहेब समजणार नाही.

परी दीड वर्षाची असताना तिले तापात झटका आला. डोळे वर, हातपाय कडक, तोंडाले फेस. मी खोलीत एकटी. मी गजूले फोन लावला आन् नुसती ओरडत राहिली, परी, परी, अहो परी, आन् तो तिकडे टेम्पो बाजूले घेऊन विचारून राहिला, "काय झालं, पडली काय, हरवली काय, कुठे आहे तू," आन् माह्या तोंडातून दुसरा शब्द निघेचना. बाजूच्या घरच्यायनं ऐकलं म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणे, लहान लेकरायले तापात होते असं, मोठी झाली की जाते, पण पाच वर्षाची होईपर्यंत परत येऊ शकते, आला तर घाबराचं नाही, कुशीवर टाकाचं, तोंडात काही घालाचं नाही, आन् लगेच फोन कराचा. घाबराचं नाही म्हणे! मले तर तेव्हापासून परीचं कपाळ जरासं गरम लागलं की माहेच हातपाय थंड. झटक्याचं भेव होतंच, पण त्याच्याहून मोठं भेव हे, की परत आला आन् मी परत एकटी असली, तर मी कोणाले काय सांगणार, माहं तर तोंडच उघडत नाही, आन् उघडलं की बंद होत नाही, आन् त्यातून कोणाले काही समजत नाही.

हे मी साहेबाले सांगितलं ते कांद्याच्या दिवशी.

झालं असं, काम लागून आठवडाही झाला नव्हता. मे महिन्याचं ऊन. मी पोळ्या लाटून राहिली होती आन् गॅलरीतून ओरडणं ऐकू आलं. साहेब ताठ उभे, एक हात कानावरच्या फोनवर, दुसरा हात पाठीमागे, डोळे मिटलेले, आन् इंग्रजीत मोठ्या मोठ्यानं बोलून राहिले, आन् बोलता बोलता मधीच "कॉमा!" म्हणत, मंग उलीसं बोलत, मंग "फुलस्टॉप!" असं म्हणत की कबुतर उडून जाये. मले वाटलं, गेलं. ऊन लागलं डोक्याले. आमच्याकडे ऊन लागलं की कांदा देतात, तर मी धावत कांदा आणला, फोडला आन् त्यायच्या पाठीमागच्या हातात ठेवला. त्यायनं मूठ बंद केली, वास घेतला, आन् बोलणं काही थांबवलं नाही. सारं संपल्यावर फोन ठेवला आन् विचारलं,

"कांदा काहून?"

"ऊन लागलं वाटलं साहेब. मधीमधी ओरडून राहिले होते."

ते हासले, असे हासले की खुर्ची शोधत बसले. परी पण हासाले लागली, तिले काय समजलं ते तिलेच माहीत. साहेबानं परत एमाले फोन लावला आन् म्हणे, आताच्या लेखात कांदा टाकाचा आहे. पुढच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या कोणत्यातरी लहान गावच्या पेपरात माहा कांदा छापून आला.

साहेब पेपरवाले होते. सारी उमर. क्रिकेटचे सामने पाहाचे आन् लिहाचे. आन् स्वतः पण खेळत, पण हौशी. ते म्हणत, "मी हौशी होतो वं. खेळाचे पैसे कधी घेतले नाही. घेतले असते तर त्यायनं परत मागितले असते." हात कापे म्हणून आता लिहिता येत नव्हतं, तर फोनवरून बोलत आन् तिकडे एमा टाइप करे. पण ते म्हणत, नवीन काही नाही, जवानीत पण असंच होतं. सामना संपला की मैदानातून पळत फोनच्या डब्यापर्यंत जाचं, आन् तिकडे ऑफिसात डोरीन नावाची बाई कानाले फोन लावून टाइप कराले बसलेली. कॉमा सांगा लागे, फुलस्टॉप सांगा लागे, नाहीतर ते सारं एका सुतात टाइप करून टाके. आन् साहेब जवान होते, त्यायले वाटे आपण लय भारी लिहितो, तर ते आभाळाचा रंग सांगत, गवताचा वास सांगत, चिमण्या सांगत. तर डोरीन बाई मधीच जांभई देऊन विचारे,

"अजून लय आहे काय?"

साहेब म्हणत, "तिच्यासारखा मास्तर मले भेटला नाही. तिनं असं म्हटलं की मी चिमण्या काढून टाको."

साहेबाच्या सांगण्यात सारे इंग्रज आपल्यासारखंच बोलत. एकदा त्यायच्या हातून लय सोपा कॅच सुटला आन् त्यायची टीम हारली. संध्याकाळी त्याच सामन्याची बातमी त्यायलेच द्याची होती. त्यायनं डोरीनले पहिलीच ओळ सांगितली, सामना रॉजरनं घालवला, फुलस्टॉप. दुसऱ्या दिवशी कॅप्टन पेपर घेऊन घरी आला, "काहून बे रॉजर, स्वतःचंच नाव काहून टाकलं? कोणाले दिसलं होतं?" साहेब म्हणे, "मले दिसलं होतं ना गा." कॅप्टन जेवून गेला म्हणे, पण पेपर तिथेच टाकून.

तर त्या कांद्याच्या दिवशी साहेब हासून हासून शांत झाले आन् विचारलं, तुले इतकं भेव कशाचं आहे, आन् मी सांगाले लागली, झटका, फेस, टेम्पो, गजू, काटोल, डॉक्टर, पाच वर्ष, माहं तोंड, सारं एका दमात, डोळ्याले पाणी, नाकाले पाणी, आन् साहेबानं सारं ऐकलं आन् हळूच विचारलं,

"अजून लय आहे काय वं?"

मी रडता रडता हासली. नाही म्हटलं.

ते म्हणे, "आयक. जुन्या फोनची लाइन कधी पण कटे. म्हणून सगळ्यात मोठी गोष्ट पहिले सांगाची. लाइन कटली तरी तेवढी पोचली पायजे. कुठे. कोण. काय झालं. फुलस्टॉप. श्वास. चिमण्या मागून."

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. मी सयपाकघरात आन् साहेब गॅलरीत, मधात दहा पावलं, पण मी फोन लावाचा आन् बातमी द्याची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "हॅलो साहेब, मी म्हणजे रोशनी, ते कुकर लावला होता तर मी म्हटलं डाळ आधी भिजवली होती पण परी मधीच..." कट! त्यायनं फोन कापला. परत लावला. परत कट. परी मोठ्यानं "कट!" म्हणाले लागली. आठ-पंधरा दिवसानं जमलं: "बेसा, दुसरा माळा, सयपाकघर. कुकर. शिट्टी होऊन नाही राहिली. फुलस्टॉप." साहेब गॅलरीतून ओरडले, "रबर पाह्य!" रबरच सरकलं होतं.

मंग बाजारात गेली की तिथून बातमी. जिन्यात कुत्रा बसला की बातमी. एकदा मी कुत्र्याची बातमी दिली, "पहिला माळा. काळा कुत्रा. दात दाखवून राहिला. फुलस्टॉप," तर साहेब टोंगळा धरत, "अगाई अगाई" करत खाली आले आन् कुत्र्याले म्हणे, "काहून गा?" कुत्रा उठून गेला. गजू घरी ऐके आन् डोकं खाजवे. म्हणे, "तुले तिथे सयपाकाले ठेवलं का पोलिसात?"

स्वेटरचं सांगाचं राहिलं. थंडीत साहेबानं पेटीतून एक स्वेटर काढला, साईच्या रंगाचा, गळ्याले दोन पट्टे, क्रिकेटचा, जवानीतला. नागपुरात थंडी ते किती, पण ते घालत. त्याले जुना वास होता म्हणून मी म्हटलं चांगला धुऊन देते, आन् मी तो पाणी उकळून सोड्यात टाकला, जशी सासू माही पांढरे कपडे टाके. काढला तर तो परीच्या मापाचा झाला होता. माहा जीव गेला. मी तो हातात धरून उभी, तोंड उघडत नाही, आन् साहेब समोर. मंग मी म्हटलं, "गॅलरी. स्वेटर. लहान झाला. फुलस्टॉप."

साहेबानं घेतला, उलटा पालटा केला, पट्टे मोजल्यासारखे केले, आन् परीले बोलावून तिच्या डोक्यातून घातला. बाह्या उलीशा दुमडल्या. म्हणे, "साठ वर्ष मी याच्यात बसाले पाहून राहिलो. आता बसणारा भेटला." परी त्या थंडीभर तो काढेचना.

बिल्डिंगीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, पाण्याच्या टाकीजवळ, तिथे रविवारी पोट्टे टेनिस बॉलनं खेळत. साहेब गॅलरीतून दुर्बिणीनं पाहत आन् वरूनच ओरडत. मंग खाली जाऊन पंच होत. मंग पोट्ट्यायनं त्यायले बॅटिंग देणं सुरू केलं, ऐंशीच्या वरचा माणूस, पॅड बांधून, धावाले दुसरा पोट्टा. पण त्यायची एक सवय होती, त्याच्यावरून दर रविवारी भांडण होये. बॅटले बॉल लागून मागे कॅच गेला, कोणाले आवाज नाही आला, कोणी अपील नाही केली, तरी साहेब बॅट काखेत घालून आपल्या मनानं चालाले लागत. पोट्टे मागे धावत, "साहेब, नॉट आउट! नॉट आउट आहे ना बे!" साहेब मागे पाहत पण नसत. म्हणत, "मले आवाज आला ना गा. पंचाले काहून त्रास." त्यायच्या टीमचे पोट्टे कपाळ बडवत. एक पोट्टा म्हणे, "साहेब, तुमी आमच्याकडून खेळून राहिले का त्यायच्याकडून?"

परीले परत झटका आला तो पुढच्या थंडीत, रविवारीच.

सकाळपासून अंग कोमट होतं. औषध दिलं होतं. दुपारी मी साहेबाच्या घरी पोळ्या करून राहिली, परी सोफ्यावर झोपली, तो स्वेटर काढून बाजूले ठेवला होता, साहेब खाली प्लॉटवर. गजू काटोलले. मी पाणी प्यायले बाहेर आली आन् पाह्यलं तर परीचा हात ताठ झाला होता. डोळे वर.

मी ओरडली काय, मले आठवत नाही. मले फक्त हे समजलं की आता तेच होणार, माहं तोंड उघडणार नाही आन् माही परी जाणार. फोन हातात होता. लावला कसा ते पण माहीत नाही. तिकडून माणूस बोलला, "हॅलो, अँब्युलन्स सेवा, बोला," आन् मी म्हटलं, "परी, माही परी, अहो भाऊ परी..."

तो म्हणे, "ताई, कुठून बोलून राहिल्या?"

कुठे. साहेबाचा आवाज कानात आला, कट!

मी म्हटलं, "बेसा. पाण्याच्या टाकीच्या मागे. पिवळी बिल्डिंग, दुसरा माळा. फुलस्टॉप."

तिकडे टाइप कराचा आवाज आला.

"तीन वर्षाची पोरगी. ताप. झटका आला आहे. चालू आहे. फुलस्टॉप."

"ताई, श्वास घेऊन राहिली का?"

"हव. घेऊन राहिली. कुशीवर टाकली. तोंडात काही घातलं नाही."

"गाडी निघाली, ताई. फोन ठेवू नका."

सोफा गॅलरीच्या दरवाज्यापाशीच, मी एका हातानं परीले कुशीवर धरून गॅलरीत तोंड काढलं आन् ओरडली, "साहेब! परी! झटका! गाडी येऊन राहिली, कोपरा चुकन!" आमच्या बेसात साऱ्या गल्ल्या एकसारख्या, साऱ्या बिल्डिंगी पिवळ्या, मिठाई आणाले गेलेला माणूस पण रस्ता चुकते.

साहेब बॅटिंग करून राहिले होते. बॉल हवेत होता. ते पळाले. ज्यायले जिना उतराले कठडा लागे ते पॅड बांधून पळाले, लंगडत, मेन रोडच्या कोपऱ्यावर गेले आन् रोडच्या मधात बॅट दोन्ही हातानं डोक्यावर धरून उभे राहिले. एक स्कूटरवाला त्यायले पाहून नालीकडे गेला.

इकडे शेंडे काकू आवाज ऐकून वर आली, एका हातात कांदा, दुसऱ्या हातात चप्पल, "नाकाशी धर वं, नाकाशी धर!" मी म्हटलं, "काकू, नको. फुलस्टॉप." काकू चप्पल घेऊन तशीच उभी राहिली. आन् तेवढ्यात परीचं अंग ढिलं पडलं. डोळे जागेवर आले. आन् ते रडली. अवं माय, तसं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

अँब्युलन्स आली ते साहेबाले समोर बसवूनच आली. गाडीवरचा माणूस वर येऊन परीले तपासता तपासता म्हणे, "फोनवर तुमीच होत्या काय ताई? फोनवाल्याले वाटलं कोणी तार वाचून राहिलं."

दवाखान्यात साहेब पॅड बांधलेलेच बाकड्यावर बसले. सारे पाहून राहिले. एक बाई म्हणे, "बाबाले काय झालं?" साहेब म्हणे, "मले काही नाही. मी आजा आहे तिचा." डॉक्टरनं मले विचारलं, किती वेळ चालला, पहिले कोणता हात, मी सांगितलं, डॉक्टर म्हणे, "बस, इतकंच पायजे होतं," आन् लिहाले लागला. मंग मी गजूले फोन केला. पहिले म्हटलं, "परी बरी आहे. फुलस्टॉप." मंग बाकीचं. गजू म्हणे, "तू कोण बोलून राहिली?"

त्या दिवशीचा सामना पण सांगाचा आहे. साहेब पळाले तेव्हा कीपरनं बॉल पकडून स्टंप पाडला होता, त्याले काय माहीत वर काय चालू आहे. दुसऱ्या दिवशी पोट्टे वर आले, साऱ्यायनं मिळून ठरवलं होतं, साहेब नॉट आउट. कीपर तर रडाले आला होता. साहेब म्हणे, "नाही गा. क्रीज सोडली की आउट. काहून सोडली हे पंच विचारत नसते." आन् कीपरले दोन संत्रे दिले, चांगला स्टंप पाडला म्हणून.

पण त्या पळण्यानं टोंगळा गेला तो गेलाच. बिल्डिंगीत लिफ्ट नाही. साहेब दोन माळे उतरले की चढता येईना, चढले की उतरता येईना. पोट्ट्यायनं खुर्चीत बसवून खाली नेलं एक-दोनदा, साहेब वरून हात हलवत नवरदेवासारखे. मंग एमा आली. उंच, साहेबासारखंच नाक. मी म्हटलं आता भांडण होणार, साहेब नाही जाणार. पण भांडण झालंच नाही. साहेबानंच सांगितलं, जातो.

पोट्टे जिन्यात जमा झाले. "साहेब, नका जाऊ. नॉट आउट आहे तुमी!"

साहेब म्हणे, "लागला गा बॉल. मले आवाज आला."

जाच्या दिवशी गाडी खाली उभी. मी रस्त्यासाठी पुऱ्या आन् सुकी भाजी बांधून दिली, एमा म्हणे विमानात जेवण देतात, साहेब म्हणे तिले काय समजते. परी स्वेटर घालून उभी होती, आता बाह्या दुमडा नाही लागत. साहेब गाडीपाशी उभे राहून मले सांगाले लागले, गॅलरीतल्या मोगऱ्याले जास्त पाणी घालू नको, सुमनचा आहे तो, शेंडे काकूले दुर्बीण दे, ते तशीच डोकावते त्याच्याहून बरं, पोट्ट्यायले सांग डावा पाय पुढे, भाजीवाल्याचे सांबाराचे पैसे कधी दिलेच नाही, परीले ताप आला तर मले पण बातमी पायजे, कांदा जास्त खाऊ नका, नाही खा, आन् कुत्र्याले...

श्वास घेऊनच नाही राहिले. कॉमा पण नाही.

मी म्हटलं, "साहेब, अजून लय आहे काय?"

ते थांबले. मंग टेकाले घेतलेली छत्री काखेत घातली, जशी बॅट घालत तशी, परीच्या डोक्यावर हात ठेवला, आन् गाडीत बसले. मागे पाह्यलं नाही. आउट झालेला माणूस मागे पाहत नसते, हे आमाले माहीत होतं, म्हणून आमी पण आवाज दिला नाही.

गाडी गेली. कोपऱ्यावर, जिथे बॅट घेऊन उभे होते तिथेच, थांबली. मी म्हटलं, काही राहिलं काय, औषध राहिलं काय. तेवढ्यात माह्या हातातला फोन वाजला.

"बेसा. टाकीजवळचा कोपरा," साहेब म्हणे. "म्हातारा. रडून राहिला. फुलस्टॉप."

गाडीच्या खिडकीतून तो लांब हात बाहेर आला, परीनं इकडून आपला हात वर केला, स्वेटरची बाही उलीशी आखूड झालेली, आन् गाडी वळली.